बेडरूम दारातून बघू नका, पलंगावर आडवं पडून बघा

मागच्या महिन्यात ठाण्यात मानपाड्याला मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर ती सगळ्यांना घर दाखवत होती आणि बेडरूमच्या दारात आल्यावर आम्ही सगळ्या बायका एकदम "अय्या किती मस्त" करून थांबलो, कारण खरंच मस्त होती, फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले लाइट, पलंगामागे राखाडी रंगाचं गुबगुबीत पॅनल, सगळं एकदम हॉटेलसारखं. होमाच्या धुराने माझं डोकं चढलं होतं म्हणून ती म्हणाली जरा इथेच आडवी हो. झाले. आणि पाच मिनिटांत कळलं की या खोलीत झोपणाऱ्या माणसाचा विचार कुणी केलेलाच नाही! बरोबर डोळ्यांवर पांढराफटक पॅनल लाइट, तो बंद करायचा बोर्ड दाराजवळ, पाण्याचा ग्लास ठेवायला जागा नाही, आणि समोर वॉर्डरोबच्या डोक्यावर दोन सूटकेस नि मिक्सरचं खोकं, जे दारातून दिसत नाही पण उशीवर डोकं टेकलं की फक्त तेच दिसतं.

तिला तेव्हा काही बोलले नाही अर्थातच. पण घरी येताना रिक्षात डोक्यात तेच चालू होतं, की आपण बेडरूम उभं राहून सजवतो आणि वापरतो मात्र झोपून. दारातून फोटो छान येतो तो पाहुण्यांसाठी. आपल्याला जे लागतं ते सगळं पलंगावरून हाताच्या अंतरात आणि डोळ्यांच्या रेषेत असतं, आणि ते बहुतेक बारीकसारीक असतं, पाचशे-हजाराच्या घरातलं.

मी इंटीरियरवाली नाही हे आधीच सांगते. वाशीच्या सिडकोच्या जुन्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षं काढली, आता ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीला टू बीएचके आहे, बेडरूम १० बाय ११, आणि दोन्ही घरात चुका करकरून जे शिकले ते क्रमाने लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पडदे आणि कुशन आधी आणले आणि मग वायरमनला बोलावलं की सगळं धुळीत जातं.

१. आधी एक रुपया खर्च न करता रात्री साडेदहाला झोपून बघा

वही-पेन घेऊन आडवं पडायचं. आपल्या रोजच्या बाजूला, रोजच्या उशीवर. तीन गोष्टी लिहायच्या: डोळ्यांना काय दिसतंय, हात कशासाठी शोधाशोध करतोय, आणि पाय खाली टाकला की कशावर पडतोय. नवऱ्याला किंवा बायकोला, जो कोण त्या बाजूला झोपतो, त्याला त्याची यादी वेगळी करायला सांगा, एकत्र केलीत तर भांडण होईल आणि यादी होणार नाही. आमच्या ह्यांच्या यादीत एकच गोष्ट होती, "चार्जरची वायर चेहऱ्यावर येते", आणि माझ्या यादीत सतरा. पण त्यांची ती एक गोष्ट सगळ्यात आधी सोडवण्यासारखी होती हे मान्य करायला हवं.

अंधार करूनही बघा. एसीचा हिरवा आकडा, राउटरचे लुकलुकणारे ठिपके, एक्स्टेंशन बोर्डाचा लाल दिवा, एवढ्याशा खोलीत चांदण्या पडल्यासारखं असतं. एसीचा डिस्प्ले बहुतेक रिमोटवरून बंद होतो, बटण शोधा. बाकीच्यांवर इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचा छोटा तुकडा. राउटर जमलं तर बाहेर हॉलमध्ये.

आणि वॉर्डरोबच्या वरची खोकी. ती उतरवा. मिक्सरचं खोकं वॉरंटी संपल्यावर कुणी परत मागत नाही. सूटकेसला दुसरी जागाच नसेल (आमच्याकडे नव्हती) तर वॉर्डरोबच्या वर छतापर्यंत लॉफ्टचे दोन शटर सुताराकडून लावून घ्या, वॉर्डरोबच्याच रंगाचे. खोली एकदम उंच वाटायला लागते.

२. उजेड, म्हणजे या सगळ्यातलं निम्मं काम

आपल्याकडे उजेड म्हणजे ट्यूबलाइट. झाडून काढायला, सुईत दोरा ओवायला, पोरांचं डोकं बघायला ट्यूब हवीच, ती काढू नका. पण रात्री नऊनंतर ती लागता कामा नये.

बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो, तो बघूनच घ्या. २७०० ते ३००० म्हणजे वॉर्म व्हाइट, पिवळसर, समईच्या जवळ जाणारा. ४००० मधला. ६५०० म्हणजे कूल डे लाइट, निळसर पांढरा, मेडिकलच्या दुकानातला. बेडरूमला २७०० किंवा ३०००, आणि एकच ठरवा, कारण एका लॅम्पमध्ये २७०० आणि दुसऱ्यात ४००० लावला की खोली आजारी दिसते, काय चुकतंय ते कळत नाही पण चुकतंय हे कळतं. दुकानदार "वॉर्म चलता नहीं मॅडम, सब लोग व्हाइट ले जाते हैं" म्हणेल. घेऊ दे त्यांना.

दुसरा आकडा लुमेनचा. वॉट म्हणजे वीज किती खाणार, लुमेन म्हणजे उजेड किती देणार. पलंगाशेजारच्या दिव्याला ३००-४०० लुमेन भरपूर झाले, म्हणजे साधारण चार-पाच वॉटचा एलईडी. नऊ वॉटचा लावलात तर शेजारचा माणूस तोंडावर उशी घेऊन झोपेल. डिमरची (उजेड कमी-जास्त करायच्या बटणाची) हौस असेल तर बल्बवर डिमेबल लिहिलेलं हवं, साधा एलईडी डिमरवर फडफडतो, आणि पंख्याचा जुना रेग्युलेटर लावून तर बघूच नका.

आता दिव्याची उंची. नेटवर याचे इंचातले आकडे मिळतात ते आपल्या गादीला लागू पडतीलच असं नाही, म्हणून सोपा उपाय, पलंगावर पाठ टेकून वाचायला बसतो तसं बसायचं आणि दुसऱ्याने भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला पेन्सिलने खूण करायची. शेडची खालची कड त्या खुणेच्या जवळपास हवी. त्याच्यापेक्षा बरीच वर गेली की आतला बल्ब डोळ्यात घुसतो, बरीच खाली गेली की पुस्तकावर उजेड पडत नाही. मग आडवं पडूनही एकदा बघा, बल्ब दिसतो का. दिसत असेल तर शेड खोल घ्या.

छतावरचे गोल लाइट पलंगाच्या वर नकोतच, ते वॉर्डरोबच्या बाजूला किंवा पायथ्याकडे सरकवा. फॉल्स सीलिंग नवीन करत असाल तर अजून एक गोष्ट ज्यात आमच्या ओळखीतले दोन जण फसले: पंख्याच्या पात्यांच्या वर लाइट येऊ देऊ नका. साधा पंखा १२०० मिलिमीटरचा असतो, म्हणजे मध्यापासून दोन फूट चारी बाजूंना पातं फिरतं, आणि त्याच्या वरचा लाइट पातं कापत राहतं, सगळी खोली लपलप लपलप करते. एकदा लक्षात आलं की मग झोप लागत नाही.

पलंगाखालून येणारा उजेड सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, रात्री बाथरूमला जाताना पायाखाली मंद उजेड असणं फार सुखाचं आहे, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर गरजेचंसुद्धा. पण आपल्या टाइल्स चकचकीत व्हिट्रिफाइड असतात आणि साध्या एलईडी पट्टीचे ठिपके त्यात जसेच्या तसे दिसतात, गणपतीच्या मंडपासारखे. म्हणून पट्टी अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये दुधी कव्हर लावून बसवायची, आणि पलंगाच्या बाहेरच्या कडेला नाही तर चार-पाच इंच आत. सोबत मोशन सेन्सर घ्या, नाहीतर तिचं बटण कुठे ते शोधायला मोठा लाइट लावावा लागतो.

३. बटण हाताशी

मोठा लाइट दारातून लागावा आणि पलंगावरून बंद व्हावा, याला वायरमन टू-वे म्हणतात. एकदा झालं की आधी कसे राहिलो असं वाटतं. जमलं तर पंख्याचं बटण आणि रेग्युलेटरही पलंगाशी, पहाटे गारवा आला की उठायला नको.

इथे तुमची बिल्डिंग कुठली त्यावर सगळं ठरतं. वाशी, नेरूळ, ठाण्यातलं नौपाडा, वर्तकनगर इकडच्या जुन्या इमारतीत विटांच्या भिंती असतात, त्यात झिरी मारून पाइप टाकता येतो, दोन दिवसांची धूळ नि मग पुट्टी-रंग. घोडबंदर रोडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मात्र मायवानचं बांधकाम आहे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती, आणि त्यात झिरी मारायची नाही. नाही म्हणजे नाही, ती भिंतच इमारतीचा भार घेते, सोसायटी परवानगी देत नाही आणि देऊही नये. एखादा वायरमन "कुछ नहीं होता, एक इंच ही तो है" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग करायचं काय? आम्ही हेडबोर्डच्या मागून केसिंग पट्टी (भिंतीवरून वायर झाकून नेणारी पट्टी) फिरवली, हेडबोर्ड भिंतीपासून दीड इंच पुढे घेतला आणि बोर्ड हेडबोर्डवरच बसवला. पट्टी दिसतच नाही. भाड्याचं घर असेल तर भिंतीला हात लावायचाच नाही, वायरवर बटण असलेला लॅम्प किंवा चार्जिंगचा भिंतीवर चिकटणारा दिवा, आणि वरच्या लाइटसाठी रिमोटचा बल्ब. स्वस्तात होतं.

चार्जिंगचा पॉइंट साइड टेबलच्या मागे नको, वर हवा, टेबलाच्या पातळीपासून चार-सहा इंच वर. मागे असला की रोज टेबल सरकवून हात घालावा लागतो, आणि शेवटी एक्स्टेंशन बोर्ड पलंगावर येतो. वायर चेहऱ्यावर येण्याचं मूळ तेच.

४. पलंगाच्या दोन्ही बाजू, आणि मागची

साइड टेबल गादीच्या वरच्या पातळीला हवं, एक-दोन इंच इकडेतिकडे चालेल. गादी बदललीत आणि सहा इंचांच्या जागी दहा इंचांची आणलीत तर टेबलही बदलावं लागतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. झोपेत हात वर करून ग्लास उचलायचा की खाली वाकून, दोन्ही वाईट.

जागाच नाही हे आपलं कायमचं रडगाणं. १० फुटी भिंत, त्यात ७२ इंची किंगसाइज गादी, वॉर्डरोब, काय उरणार? त्यामुळे पहिला प्रश्न किंगसाइज हवाच का हा आहे. क्वीन ६० इंची असते, म्हणजे एक फूट मोकळा होतो, आणि त्या एका फुटात खोलीत चालता येतं. आम्ही क्वीन ठेवला. पोरगी मध्ये येऊन झोपते तेव्हा पश्चात्ताप होतो, बाकी नाही.

आठ-नऊ इंचांची फट असेल तर टेबल न घेता भिंतीला आठ इंची फळी लावा, आणि तिला पुढून अर्ध्या इंचाची कड ठेवायला सुताराला सांगा. चष्मा, मोबाइल, गोळ्यांची पट्टी, काही खाली घरंगळत नाही. हेडबोर्ड नवीन करणार असाल तर त्यातच कोनाडा करून घ्या. आजोळच्या घरी भिंतीत कोनाडे होते, त्यात रॉकेलची चिमणी ठेवायचे, माझ्या कोनाड्यात तांब्या-भांडं आहे. प्लास्टिकच्या बाटलीच्या जागी तांब्याचा तांब्या ठेवला एवढ्याने ती बाजू घरासारखी दिसायला लागली, खर्च शून्य, कारण तो माळ्यावर पडूनच होता.

हेडबोर्डला कापड लावायचं तर आपल्या घरातला मुख्य शत्रू डोक्याचं तेल. सहा महिन्यांत दोन गोल डाग पडतात, दोन माणसांचे दोन. म्हणून कापड ताणून पिना ठोकून पक्कं करू नका, उशीच्या अभ्र्यासारखी काढता येणारी खोळ शिवून घ्या, वेल्क्रोवर. मी खणाची केली. खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) लहान असतो त्यामुळे तीन तुकडे जोडावे लागले, पण जोडावर काठ आले आणि ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. रंग गडद निवडा. बटणांचं खड्डे पडलेलं पॅनल घेऊ नका, घोडबंदर रोडची धूळ एकेका खड्ड्यात जाऊन बसते.

५. पडदे

बहुतेक घरात पडदा खिडकीएवढाच असतो, चौकटीच्या काठाला रॉड आणि कट्ट्याच्या खाली चार इंच लोंबणारं कापड, परकर आखूड झाल्यासारखं. खोली लहान दिसायचं हे फार मोठं कारण आहे. रॉड चौकटीच्या वर निदान सहा इंच घ्या, छत जवळ असेल तर छतालगतच, आणि दोन्ही बाजूंना आठ-नऊ इंच बाहेर काढा, म्हणजे पडदा सरकवला की काचेवर न राहता भिंतीवर गोळा होतो आणि अख्खी खिडकी उघडी मिळते. खाली जमिनीपासून अर्धा इंच वर. जमिनीवर लोळणारे पडदे फोटोत छान, आपल्याकडे रोज ओली फरशी पुसली जाते, काठ काळा होतो.

हिशेब करून दाखवते, कारण कापडाच्या दुकानात इथेच फसवणूक होते. खिडकी पाच फूट रुंद, रॉड झाला साडेसहा फूट. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट लागतं, म्हणजे १३ फूट, म्हणजे १५६ इंच. पन्हा ४८ इंची असेल तर सव्वातीन पन्हे, म्हणून चार घ्यायचे, दोन्ही बाजूंना दोन-दोन. उंची रॉडपासून जमिनीपर्यंत ८ फूट, वर-खाली दुमडायला १ फूट, झाले ९ फूट म्हणजे पावणेतीन मीटर. चार गुणिले पावणेतीन, ११ मीटर. सुती किंवा लिनन असेल तर शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात दोन इंच वर चढतो आणि परत परकराची गोष्ट. टेलर विचारेल रिंगवाले की अमेरिकन प्लीट. रिंगवाले स्वस्त आणि सरकवायला सोपे, प्लीटवाले जास्त नीटस दिसतात. कापडाला उल्हासनगरला जाऊन यायची तयारी असेल तर तिथे भरपूर चॉइस आहे, फक्त घरून मापं लिहून न्या, तिथे गेल्यावर अंदाज चालत नाही.

आमची खिडकी पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे. संध्याकाळी चार ते साडेसहा ऊन थेट गादीवर, आणि रात्री गादी तापलेली. त्यामुळे दोन रॉड, आत पातळ पांढरा, बाहेर जाड, त्याला ब्लॅकआउटचं अस्तर. अस्तर वेगळं लावायला सांगा, आतून हुकांवर, धुताना काढता येतं. पलंग खिडकीला लागूनच असेल तर लांब पडदे डोक्यात येतात, तिथे वर गुंडाळला जाणारा ब्लाइंड बरा.

रात्री ट्रेलरचा आवाज येतो म्हणून जाड पडदे घेणार असाल तर थोडं थांबा. आवाज काचेतून कमी आणि स्लायडिंगच्या फटींतून जास्त येतो. खिडकीच्या कडेला केसाळ ब्रशसारखी पट्टी असते ना, ती दोन-चार वर्षांत झिजते. ती बदलून घ्या, स्लायडिंगवाला तासाभरात करून देतो. मात्र खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने जी बारीक भोकं असतात ती धूळ येते म्हणून सिलिकॉनने बुजवू नका, पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. आमच्या वरच्या मजल्यावर बुजवली होती, जुलैमध्ये त्यांची गादी तरंगली.

६. अंथरुण

हे थोडक्यात. चादरीवर ८००, १००० टीसी (थ्रेड काउंट, म्हणजे एका चौरस इंचातले धागे) लिहिलेलं असतं त्याच्या नादी लागू नका, पिळाचे धागे वेगवेगळे मोजून आकडा फुगवलेला असू शकतो. आपल्या घामट हवेला २०० ते ३०० ची शुद्ध सुती चादर उत्तम. पांढऱ्या चादरीची हौस असेल तर दोन जोड घ्या. कुशन फार तर दोन, रात्री ती ठेवायला जागा लागते आणि रोज रात्री जमिनीवर फेकली जातात.

पायथ्याशी एक गोधडी घडी करून. दुकानातली नको, असेल तर आईची किंवा आजीची, जुन्या लुगड्यांची. नसेल तर सोलापुरी चादर, ती दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि धुवून धुवून अजून मऊ होते. खोलीत रंग कुठला घ्यायचा हा प्रश्न मी त्या गोधडीवरूनच सोडवला, तिच्यातला जांभळा उचलला नि खणाला तोच घेतला.

७. जिथे हात रोज लागतो

वॉर्डरोबचे हँडल बदला. बिल्डरने किंवा रेडीमेडवाल्याने दिलेले स्टीलचे पोकळ हँडल काढून पितळी लावले की जुना सनमायकाही खपून जातो. घ्यायच्या आधी जुन्या हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा, बहुतेक ९६, १२८ किंवा १६० निघेल, आणि तेवढंच नवीन घ्या. नाहीतर जुनी भोकं उघडी राहतात. एकच स्क्रू असेल तर कुठलाही नॉब चालतो. मी न मोजता आठ हँडल आणले होते, ते आता किचनला आहेत.

दार आपटत असेल तर पूर्ण बिजागऱ्या न बदलता पारदर्शक रबराचे ठिपके मिळतात ते कडेला चिकटवा. ड्रॉवर पावसाळ्यात फुगून अडकत असेल तर कडेला मेणबत्ती घासा. बेडरूमच्या दाराची कडी, तिचा आवाज रात्री केवढा होतो ते बघा, थेंबभर तेल घाला. ह्या गोष्टी कुणाला दिसणार नाहीत, पण रात्री दोनला पाणी प्यायला उठून परत येताना सगळं घर जागं होत नाही.

८. पाय

सकाळी पहिलं पाऊल गार टाइलवर नको. पण जाड केसाळ गालिचा आपल्या हवेत चार महिने दमट राहतो आणि वास मारतो. सुती दरी किंवा सतरंजी घ्या, मशीनमध्ये जाईल अशी. ५ बाय ८ ची दरी क्वीन पलंगाखाली आडवी घातली तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट बाहेर येते, पाय टेकवायला पुरते. ती उशांकडून नाही, पायथ्याच्या बाजूने दोन तृतीयांश पलंगाखाली घाला, म्हणजे साइड टेबल डगमगत नाही. हायड्रॉलिक बॉक्सचा पलंग असेल तर खाली जातच नाही, मग दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या. खाली न सरकणारी रबरी जाळी हवीच, सासूबाई एकदा घसरता घसरता वाचल्या.

९. भिंत, आणि माझी वॉलपेपरची कहाणी

पहिल्याच वर्षी हौसेने पलंगामागच्या भिंतीला वॉलपेपर लावला, पानाफुलांचा, त्या काळात सगळेच लावत होते. ती भिंत बाहेरची. जून कोरडा गेला, जुलैत कोपरा सुटला, गणपतीपर्यंत खालून दोन फूट लोंबत होता आणि मागे काळी बुरशी. लावणाऱ्याला विचारलं तर म्हणे भिंतीत ओल आहे मॅडम. हो, पण मग लावायच्या आधी भिंत बघायची कुणी? बाहेरच्या भिंतीला वॉलपेपर नाहीच, लावायचाच असेल तर आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीला, आणि एक पावसाळा ती भिंत कशी राहते ते बघून. वॉर्डरोबसुद्धा बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन इंच हवा खेळू द्या.

त्या भिंतीला आता साधा मातकट रंग आहे आणि त्यावर एकच चित्र, वारली. आता वारलीचं नाव काढलं की लोक म्हणतात अरे ते तर बेडशीटवर, कपावर, सगळीकडे आहे. छापलेलं आहे. हाताने काढलेलं घ्या आणि जवळून बघा, रेषेचा हात दिसतो. ही आपल्याच बाजूची कला, २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत जव्हार, डहाणू सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि २०११ ची जिव्या सोमा मशेंची पद्मश्री याच चित्रांची. मूळ पद्धतीत लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने लग्नाचा चौक काढतात, म्हणजे बेडरूमला हे चित्र परकं नाहीच.

लावताना चित्राची खालची कड हेडबोर्डच्या वर सहा-आठ इंच, रुंदी पलंगाच्या साधारण दोन तृतीयांश. लोक फार वर लावतात, छताशी बोलायला गेल्यासारखं. डोक्यावर जड काचेची फ्रेम नको, अॅक्रेलिकची घ्या. ड्रिल करताना स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, वायर त्याच रेषेत असते. आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतील (ठोकल्यावर पोकळ आवाज, भोकातून पांढरी भुकटी) तर साधा खिळा आणि प्लास्टिक गट्टू दोन महिन्यांत सैल होतो, त्या भिंतीचे वेगळे प्लग हार्डवेअरमध्ये मिळतात, तेच मागा. आणि सोसायटीची ड्रिलची वेळ बघा, दुपारी दोनला ड्रिल केलंत तर खालच्या काकू वर येतील.

आरसा पलंगासमोर नको म्हणतात, वास्तुवाले त्यांच्या कारणाने आणि मी माझ्या, रात्री रस्त्यावरच्या गाडीचा उजेड त्यात चमकतो आणि दचकायला होतं. वॉर्डरोबच्या शटरच्या आतल्या बाजूला लावा.

वासाचं सांगायचं तर सेंटच्या मेणबत्त्या बंद एसी खोलीत माझं डोकं उठवतात. जांभळी नाक्यावरून येताना सोनचाफ्याची चार फुलं, उशाशी वाटीत, संपलं. कपाटात वाळ्याची जुडी.

पैसे आत्ता पाच हजारच असतील तर माझ्या मते आधी दोन वॉर्म लॅम्प, मग टू-वे बटण, मग हँडल. पडदे दिवाळीला. हेडबोर्ड पुढच्या वर्षी झाला तरी कुणाचं काही अडत नाही. मानपाड्याच्या मैत्रिणीला शेवटी फोनवर एवढंच म्हटलं की तो मधला लाइट जरा पायाकडे घे, तर ती म्हणाली अगं हेही रोज तोंडावर टॉवेल टाकूनच झोपतात, मला वाटलं त्यांची सवय आहे.

माझ्या सतरा गोष्टींतली एक अजून राहिलीय, एसीचा पाइप. भिंतीवरून तिरका जातो आणि उशीवरून नेमका तोच दिसतो. बॉक्स करून सरळ दाखवायचा होता, पण एसीवाला म्हणाला पाण्याच्या नळीला उतार लागतोच, सरळ केली की पाणी घरात. मग नळीला भिंतीचाच रंग दिला. दिवसा दिसत नाही, रात्री दिसते.